भाऊबीजेला दीड दोनदा वाजला

२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, रविवार. मी चिंचवडला ताईकडे पाटावर बसलेलो, ताईनं निरांजन लावून ताट हातात घेतलं आणि खिशातला फोन वाजायला लागला, मी कट केला, परत वाजला, परत कट केला, तिसऱ्यांदा वाजल्यावर ताईच म्हणाली घे बाबा, काहीतरी असेल. त्या दिवशी शिफ्टवर आमच्या टीममधली सगळ्यात नवीन मुलगी होती, सणाला कोणी तयार होईना म्हणून तिनं स्वतःहून घेतलेली शिफ्ट. "सर, लेट फीचा जॉब परत लागलाय. अकराला लागला होता, ग्रीन झाला, मी मेल पण टाकली. आता बारा वाजता आपोआप परत सुरू झाला. मी काही केलं नाहीये सर." ते शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली.

आणि तिनं खरंच काही केलं नव्हतं. केलं होतं ते मी, तीन महिन्यांपूर्वी, तेच सांगायला लिहितोय. कारण पुण्यात बसून अमेरिकेतले सर्व्हर सांभाळणारे आपल्याकडे खूप जण आहेत आणि मार्च-नोव्हेंबर आला की कुठे ना कुठे हेच होतं.

तर सेटअप असा. क्लायंटचा डेटाबेस न्यू जर्सीत, आम्ही पुण्यात, आमचा रिपोर्टिंगचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. ज्यांनी बिल वेळेत भरलं नाही त्यांच्या खात्यावर लेट फी लावायचा जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) रोज रात्री दीडला, म्हणजे न्यू जर्सीच्या रात्री दीडला. हा आधी साडेबाराला असायचा, ऑगस्टमध्ये बॅकअपशी भांडायला लागला म्हणून मी तो दीडवर सरकवला. तेव्हा मी एवढंच बघितलं की दीड ते अडीच काही चालत नाही, जागा मोकळी आहे. ती जागा मोकळी का ठेवली असेल असा प्रश्न मला पडला नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे नेतात, ती उन्हाळी वेळ, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री दोन वाजता ते एक तास मागे जातं. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो, आधी उन्हाळी वेळेतला एक ते दोन आणि मग परत हिवाळी वेळेतला एक ते दोन. त्या रविवारी तिकडे हे घडलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. तिकडचा पहिला दीड म्हणजे आपले अकरा आणि दुसरा दीड म्हणजे आपले बारा. जॉब दोन्ही वेळेला लागला, कारण आमचं शेड्युलर, म्हणजे वेळ झाली की जॉब सुरू करणारा प्रोग्रॅम, हे घरीच लिहिलेलं एक स्क्रिप्ट होतं, दर मिनिटाला सर्व्हरच्या घड्याळात बघायचं, टेबलमध्ये या मिनिटाचं काही लिहिलंय का बघायचं, असलं तर चालवायचं, बास. त्याला दीड वाजलेला दिसला की तो चालवणार, तो दीड आज एकदा येऊन गेलाय हे त्याला कुठून कळणार. आणि इतकी वर्षं काही झालं नाही कारण एक ते दोनमध्ये कुणी काही ठेवलेलंच नव्हतं. ज्यानं ते स्क्रिप्ट लिहिलं त्याला बहुतेक हे माहीत होतं, पण त्यानं ते कुठे लिहून ठेवलं नाही.

मी फोनवर म्हटलं किल कर, पण तोपर्यंत जॉब संपला होता. हजारो खात्यांवर एकाच दिवसाची लेट फी दोनदा. ओवाळणी झाली, ताटात पाकीट ठेवलं आणि तिथंच भाच्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

उलट्या एन्ट्र्या मारायच्या तर पहिल्या रनच्या कुठल्या आणि दुसऱ्या रनच्या कुठल्या हे वेगळं करायला पाहिजे, आणि लॉग उघडला तर पुढचा धक्का. लॉगमध्ये वेळ सर्व्हरच्या लोकल टाइममध्ये, सोबत ती उन्हाळी वेळेतली की हिवाळी वेळेतली हे सांगणारा ऑफसेट नाही. एक रन सुरू १:३०, संपला १:५२. दुसरा सुरू १:३०, संपला १:४९. एन्ट्र्यांवर पण तसेच शिक्के, वेळेनं सॉर्ट केलं की दोन्ही रनच्या एन्ट्र्या एकमेकांत मिसळलेल्या, तांदूळ आणि साबुदाणा एकाच डब्यात पडावेत तशा. त्यातली एक १:४१ ची एन्ट्री त्याच दिवशीच्या १:३६ च्या एन्ट्रीच्या तासभर आधीची आहे हे त्या डेटाकडे बघून कुणालाच कळणार नाही. शेवटी प्रत्येक एन्ट्रीला क्रमांक देणारा आयडेंटिटी कॉलम कामाला आला, तो घड्याळ बघत नाही, नुसता वाढत जातो. पहिला रन कुठल्या नंबरला संपला ते शोधलं, त्याच्या पुढच्या सगळ्या एन्ट्र्या उलटवल्या, खात्यांचे बॅलन्स शनिवारच्या बॅकअपशी ताडून बघितले. ताईकडचं बासुंदीपुरीचं जेवण मी संध्याकाळी साडेपाचला जेवलो, न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे सात वाजले होते, म्हणजे तिकडचे लोक ऑफिसात यायच्या आत निस्तरलं.

मला वाटलं संपलं. पण खरी गोष्ट सोमवारपासून सुरू झाली, आणि ती कळायला गुरुवार उजाडला.

न्यू जर्सीत रोज रात्री दहाला डे-क्लोजिंग (दिवसाचा हिशोब बंद करणं) सुरू होतं, पाऊण तास लागतो. ते झालं की आमचा मुंबईचा सर्व्हर तिकडून आकडे ओढतो आणि रिपोर्ट बनवतो. हा ओढायचा जॉब आम्ही त्याच वर्षी मे महिन्यात बसवला होता. मे महिन्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे आपले सकाळचे साडेसात, क्लोजिंग सव्वाआठला संपणार, आम्ही जॉब ठेवला साडेआठला, पंधरा मिनिटं हातात. पाच महिने मस्त चाललं. ४ नोव्हेंबरच्या सोमवारपासून न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे गेली. तिकडचे दहा म्हणजे आता आपले साडेआठ. क्लोजिंग सुरू व्हायचं त्याच मिनिटाला आमचा जॉब आकडे ओढायला पोचायचा, आणि त्याला सांगितलेलं काय, तर शेवटचं जे क्लोजिंग पूर्ण झालंय ते उचल. ते आदल्या दिवशीचं. त्यानं ते उचललं, त्यावर आजची तारीख घातली, रिपोर्ट पाठवला, जॉब ग्रीन.

सोमवारी असं, मंगळवारी असं, बुधवारी असं. गुरुवारी तिकडच्या अकाउंट्समधल्या एका बाईंनी स्वतःचे आकडे शेजारी ठेवून विचारलं की तुमच्या रिपोर्टमधला मंगळवारचा कलेक्शनचा आकडा आमच्याकडे सोमवारचा आहे, असं कसं काय. आम्ही आधी तासभर डेटात चूक शोधली. डेटा बरोबर होता. क्वेरी बरोबर होती. सगळं एक दिवस मागे होतं.

मला विचाराल तर हे भाऊबीजेच्या प्रकारापेक्षा जास्त वाईट. दोनदा लागलेला जॉब लगेच दिसतो, कुणीतरी फोन करतं. शिळा डेटा ताजा म्हणून पोचवणारा जॉब मात्र गप्प असतो, त्याला एररही येत नाही आणि त्याची अलर्टही येत नाही. आमच्या टीमच्या शीटमध्ये प्रत्येक जॉबपुढे एकच कॉलम होता, 'आयएसटी वेळ', म्हणजे भारतीय वेळ, आणि त्यात क्लोजिंगपुढे लिहिलेलं साडेसात. न्यू जर्सीच्या घड्याळावरच्या कुठल्याही जॉबला आयएसटीत एक वेळ नसतेच, दोन असतात. एकच लिहिली म्हणजे नोव्हेंबर ते मार्च चार महिने आपण खोटं लिहिलेलं असतं.

ह्यानंतर मी सगळे जॉब एकेक करून काढले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तू कोणाच्या घड्याळावर चालतोस. उत्तरं बघून मीच चकित झालो. काही जॉब माणसांच्या घड्याळावर आहेत, न्यू जर्सीच्या ऑफिसात आठ वाजता माणूस खुर्चीवर बसतो तेव्हा त्याच्यासमोर रिपोर्ट पाहिजे, तर तिकडचं घड्याळ सरकलं की जॉब पण सरकला पाहिजे, इथे यूटीसीत (जगभर सारखी धरलेली, कधी न सरकणारी वेळ) वेळ गोठवून ठेवली तर वर्षातले काही महिने रिपोर्ट उशिरा पोचणार. काही जॉबना माणसांशी देणंघेणं नाही, ट्रान्झॅक्शन लॉगचा (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदीचा) बॅकअप दर पंधरा मिनिटांनी, त्याला फक्त मध्ये किती वेळ गेला याच्याशी मतलब, तो खुशाल यूटीसीवर चालू दे. आणि सगळ्यात जास्त निघाले ते तिसरे, ज्यांना घड्याळाची गरजच नव्हती. आमचा आकडे ओढायचा जॉब त्यातला. त्याला साडेआठशी काय करायचंय, त्याला क्लोजिंग झालं की निघायचंय. आम्ही घड्याळ मध्ये घातलं कारण ते सोपं होतं.

म्हणून कुणी म्हणालं की सगळे सर्व्हर यूटीसीवर टाका, प्रश्न मिटला, तर मी आता मान डोलवत नाही. डेटा साठवायला, लॉग लिहायला यूटीसीच, त्यात वादच नाही. पण जॉब कधी लागायचा हे ठरवताना यूटीसी आपल्यासारख्या साडेपाच तास पुढे असलेल्या देशात वेगळे घोळ घालतो. दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये क्लाऊडवरचे सर्व्हर यूटीसीत आहेत आणि धंदा सगळा महाराष्ट्रातला. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. तिथं रोजचं विक्रीचं टोटल यूटीसीच्या तारखेनं निघायचं, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधली सगळी विक्री आदल्या दिवशी जमा. दुकान असेल तर रात्री काही विकलंच जात नाही, कळणारही नाही. पण ऑनलाईन ऑर्डर असल्या की लगेच फरक पडतो, आणि ३१ मार्चच्या रात्री तर विचारूच नका, १ एप्रिलच्या पहाटेच्या ऑर्डरी मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात आणि सीए फोन करतो.

क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या शेड्युलरमध्ये, तर याची अजून एक गंमत आहे जी नवीन पोरांना मी हमखास दाखवतो. समजा आपल्याला जॉब सोमवारी पहाटे दोनला लावायचाय. यूटीसीत ते झाले रविवारचे रात्रीचे साडेआठ. तर वेळ बदलताना वार पण बदलावा लागतो, आणि लोक वेळ बदलतात, वार सोमवारच ठेवतात, मग जॉब मंगळवारी पहाटे चालतो. बरं वाराचं निभतं. महिन्याच्या १ तारखेला पहाटे दोनला लावायचा असेल तर? यूटीसीत तो येतो आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला, आणि ती कधी ३०, कधी ३१, कधी २८, कधी २९, साध्या क्रॉनला 'महिन्याचा शेवटचा दिवस' असं सांगताच येत नाही. मग उपाय एकच, रोज यूटीसीच्या रात्री साडेआठला उठायचं आणि आत स्क्रिप्टमध्ये विचारायचं की आत्ता कोलकात्याच्या झोनमध्ये (भारताच्या टाइम झोनचं नाव हेच) तारीख १ आहे का, नसेल तर गपचूप परत झोपायचं. रेड हॅट लिनक्सच्या क्रॉनमध्ये CRON_TZ लिहून झोन देता येतो, तो मिळाला तर ही कसरत करायची गरज नाही, पण तुमच्या मशीनवर कुठलं क्रॉन आहे ते बघून मगच भरवसा ठेवा.

कारण प्रत्येक शेड्युलर घड्याळ बदलताना वेगळा वागतो, हे मला त्या नोव्हेंबरनंतर नीट वाचून कळलं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसचं शेड्युलर, एसक्यूएल सर्व्हर एजंट, बघा. तो सर्व्हरच्या विंडोजच्या लोकल टाइमवर चालतो, जॉबला झोन असा काही देताच येत नाही, शेड्युलच्या टेबलमध्ये वेळ नुसता आकडा म्हणून असते, दीड म्हणजे १३०००. घड्याळ मागे जातं तेव्हा एजंट जॉब दोनदा लावत नाही, उलट तो थांबतो. पुढचा रन दोन वाजता असं त्यानं ठरवून ठेवलेलं असतं, घड्याळ दोनचं परत एक झालं की तो परत दोन वाजायची वाट बघत बसतो. म्हणजे दर दहा मिनिटांचा लॉग बॅकअप त्या रात्री अख्खा एक तास होत नाही. डोक्यात असू द्या, तुमची डेटा हरवायची मर्यादा पंधरा मिनिटांची म्हणून क्लायंटला कबूल केलेली असेल तर वर्षातून एका रात्री ती मोडलेली असते. आणि मार्चमध्ये उलटं, दोनचे एकदम तीन वाजतात, अडीच वाजतच नाहीत, तर अडीचचा जॉब त्या दिवशी सरळ चुकतो आणि दुसऱ्या दिवशी अडीचला असा लागतो की जसं काही झालंच नाही. डेबियन लिनक्सचं क्रॉन याच्यापेक्षा समजूतदार आहे, ठरलेल्या वेळेचा जॉब गाळला गेला तर तो लगेच चालवून घेतं आणि तास परत आला तर तोच जॉब दुसऱ्यांदा चालवत नाही.

ओरॅकल डेटाबेसमध्ये मात्र झोनची सोय खरंच चांगली आहे, डीबीएमएस शेड्युलरमध्ये सुरुवातीची तारीख देताना झोनचं नाव दिलं, अमेरिका/न्यूयॉर्क असं, तर जॉब तिकडच्या घड्याळाबरोबर सरकतो. पण तिथंच वजा पाच तास असा नुसता ऑफसेट दिला तर तो बारा महिने वजा पाचच धरतो. दोन्ही लिहिलेलं हिवाळ्यात सारखंच दिसतं, फरक मार्चमध्ये कळतो. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना, त्याला जोडायचं शेड्युलर पीजी-क्रॉन स्वतःहून जीएमटी धरतो, आयएसटी नाही, सेटिंग बदलता येतं पण आधी बघा. आणि पोस्टग्रेसमध्ये झोन म्हणून आयएसटी ही तीन अक्षरं लिहू नका! डीफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्राएल स्टँडर्ड टाइम आहे, यूटीसीच्या दोन तास पुढे, आपला नाही. वेगळी 'इंडिया' नावाची यादी लावली तर आपला. आयर्लंडवाले पण स्वतःच्या उन्हाळी वेळेला आयएसटीच म्हणतात. सरळ एशिया/कोलकाता लिहायचं. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये इव्हेंट (तिथला जॉब) बनवताना तुमच्या सेशनचा, म्हणजे त्या कनेक्शनचा, जो झोन असतो तो इव्हेंटला चिकटतो, म्हणून पुण्यातून कनेक्ट होऊन बनवलेला इव्हेंट आणि सर्व्हरवर बसून बनवलेला इव्हेंट वेगळ्या वेळेला चालू शकतात, आणि झोनची टेबलं लोड केलेली नसली तर नाव देऊन वेळ बदलायला गेलं की नल, म्हणजे रिकामी किंमत, येतो, एरर नाही, नल. मग तो नल कुठल्यातरी तुलनेत जातो आणि जॉब कधीच लागत नाही.

विंडोजमध्ये अजून एक गोष्ट लोकांना चकवते. 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' हे झोनचं नाव जुलैतसुद्धा हेच असतं, नावात स्टँडर्ड असलं तरी त्यात उन्हाळी वेळ धरलेली आहे. आमच्याकडे एकानं हे बघून जुलैत हातानं एक तास वाढवला होता.

लंडनचं सांगायचं राहिलं. आमचा तिसरा सर्व्हर तिकडे आहे. ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे २०२५ मध्ये ९ मार्च ते ३० मार्च लंडन आणि न्यू जर्सीत पाचऐवजी चार तासांचं अंतर होतं, तेच परत २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. लंडनचा जॉब न्यू जर्सीच्या जॉबनंतर तासाभरानं असा कुणी ठेवला असेल तर वर्षातले तीन-चार आठवडे तो तास जागेवर नसतो. आणि सिडनी असेल तर तिकडे ऋतूच उलटे, आपल्याकडे ऑक्टोबर हीट चालू असते तेव्हा त्यांचं घड्याळ पुढे जातं.

बरेच जण म्हणतात, आपल्याकडे बरंय, भारतात हे लफडं नाही. आता नाही, पण होतं. मुंबईनं स्वतःची वेळ, आयएसटीच्या ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, १९०६ मध्ये सगळ्या देशाला एक वेळ ठरल्यावरसुद्धा! आणि दुसऱ्या महायुद्धात अख्ख्या देशाचं घड्याळ एक तास पुढे, यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं. टाइम झोनच्या डेटाबेसमध्ये हा युद्धातला बदल नोंदवलेला आहे. म्हणून १९४३-४४ मधल्या जन्मतारखा कुणी मध्यरात्रीची वेळ लावून यूटीसीत टाकल्या आणि परत येताना नुसते साडेपाच तास मिळवले तर आजोबांचा वाढदिवस आदल्या दिवशीच्या रात्री अकराला निघतो. पेन्शनच्या डेटात मी हे डोळ्यांनी बघितलंय. तिथं इलाज एकच, जन्मतारीख ही तारीख म्हणूनच ठेवायची, तिला वेळ चिकटवायचीच नाही.

आणि हे नियम दगडावर कोरलेले नाहीत. अमेरिकेचं सध्याचं मार्च-नोव्हेंबर २००७ पासून आहे, त्याआधी एप्रिल-ऑक्टोबर होतं. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक देशातून उन्हाळी वेळ काढून टाकली, इजिप्तनं २०२३ मध्ये परत आणली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये लेबनॉनच्या सरकारनं घड्याळ बदलायचं ऐनवेळी पुढे ढकललं, बऱ्याच लोकांनी ऐकलं नाही, काही दिवस देशात दोन वेगळ्या वेळा चालू होत्या, मग निर्णय मागे. एखाद्या सर्व्हरवर झोनची फाईल जुनी राहिली तर त्याला यातलं काही माहीत नसतं. आणि एका मशीनवर अशी एकच फाईल नसते, ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी, ओरॅकलची स्वतःची वेगळी, जावाची वेगळी. तिघांपैकी एक अपडेट करायची राहिली की एकाच डब्यात दोन घड्याळं.

म्हणूनच पुढच्या तारखेचं काही साठवताना मी आता नुसती यूटीसी वेळ ठेवत नाही. होऊन गेलेल्या गोष्टीला यूटीसी ठीक, ती बदलणार नाही. पण पुढच्या वर्षी न्यू जर्सीच्या सकाळी आठला असं ठरलेलं असेल तर तेच साठवायचं, आठ वाजता आणि अमेरिका/न्यूयॉर्क, आणि यूटीसी त्यावरून जवळ आल्यावर काढायची. नियम मध्ये बदलला तरी आठ आठच राहतात.

आम्ही घरचं शेड्युलर फेकलं नाही, दुरुस्त केलं. टेबलमध्ये प्रत्येक जॉबपुढे झोनचं नाव, लोकल वेळ आणि पुढचा रन यूटीसीत. स्क्रिप्ट फक्त यूटीसी बघतं, जॉब लागला की पुढचा रन झोनवरून नव्यानं काढतं. अस्तित्वात नसलेली वेळ आली, मार्चच्या त्या अडीचसारखी, तर तीनला चालव असा नियम लिहून ठेवला. दोनदा येणारी असली तर पहिली धरायची. दुसरी गोष्ट म्हणजे जॉब आणि व्यवहाराची तारीख मिळून एक युनिक की, म्हणजे तीच जोडी टेबलमध्ये दुसऱ्यांदा पडूच शकत नाही. जॉब सुरू होताना आधी त्या टेबलमध्ये स्वतःची एक ओळ टाकतो, ओळ पडली तर काम कर, नाही पडली तर म्हणजे आजचं काम झालेलं आहे, निघून जा. शेड्युलरवर कितीही विश्वास असला तरी ही की मी काढणार नाही, कारण जॉब दोनदा लागायची कारणं घड्याळाशिवाय पण शंभर असतात, कुणी चुकून रन दाबतं, सर्व्हर फेलओव्हर होतो, म्हणजे एक बंद पडून काम दुसऱ्यावर जातं. आणि मुंबईचा आकडे ओढणारा जॉब आता आठपासून दर पाच मिनिटांनी न्यू जर्सीला एकच विचारतो, अमुक तारखेचं क्लोजिंग झालं का. तारीख नावानं विचारतो, 'शेवटचं' असं विचारत नाही. दहापर्यंत हो आलं नाही तर शिफ्टवर फोन जातो. लॉगमध्ये वेळ यूटीसीत आणि शेजारी ऑफसेटसकट लोकल. शीटमधला 'आयएसटी वेळ' कॉलम त्या मुलीनं स्वतः उडवला, त्याजागी उन्हाळा आणि हिवाळा असे दोन केले.

२०२५ मध्ये घड्याळ बदलायचा रविवार २ नोव्हेंबरला आला, दिवाळी होऊन गेली होती. लेट फीचा जॉब आम्ही मुद्दाम दीडलाच ठेवला आणि टेस्ट म्हणून जुनं स्क्रिप्ट पण त्या दिवसापुरतं शेजारी चालू ठेवलं, युनिक की त्याला अडवते का ते बघायला. मी आणि ती दोघं ऑफिसात बसलो. अकराला नवीन शेड्युलरनं जॉब लावला, त्याच मिनिटाला जुन्यानं पण लावायला बघितला, ओळ पडली नाही, परत गेला. साडेअकराला न्यू जर्सीच्या सर्व्हरवर ती दर दोन सेकंदांनी वेळ छापत बसली होती, १:५९:५८ आलं आणि पुढच्या ओळीला १:००:००. "गेला सर," एवढंच म्हणाली. बारा वाजता जुनं स्क्रिप्ट परत उठलं, त्याला दीड दिसला, त्यानं ओळ टाकायला बघितली, युनिक कीची एरर आली, गेलं. सोमवारी सकाळी आकड्यांचा जॉब आठपासून विचारत राहिला, नाही, नाही, नाही, सोळाव्या वेळेला, सव्वानऊला, हो आलं, आणि वीस मिनिटांत रिपोर्टवर रविवारचा आकडा रविवारच्या नावानं पडला. तिनं मला स्क्रीनशॉट पाठवला, मी तो न्यू जर्सीच्या त्या अकाउंट्सच्या बाईंना फॉरवर्ड केला.